काळतोंडी रवंथ करीपर्यंत

आबा, परवापर्यंत दीड महिना मी स्कूटीला हात लावला नव्हता. घरात अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी तुम्हालाच लिहिते आहे, कारण तुम्ही असता तर "मग काय झालं?" असं विचारलं नसतं. तुम्ही आधी "बस जरा" म्हणायचात. माणसालाही आणि जनावरालाही.

झालं काहीच नाही, हीच अडचण आहे. मंगळवार होता, म्हणजे लसीकरणाचा दिवस. पायापाशी लसीचा डबा ठेवून मी नेहमीसारखी निघाले. तुम्ही बघितलेला सोलापूर-हैदराबाद रस्ता आता राहिलेला नाही. चार पदरी झालाय, मध्ये दुभाजक आहे, आणि अणदूरच्या अलीकडं ओढ्यावरची आपली जुनी मोरी होती तिथं दुभाजकात गाड्या वळायला जागा सोडली आहे. तिला सगळे कट म्हणतात. नर्स म्हणून माझ्याकडं असलेली तिन्ही गावं त्या कटाच्या पलीकडं. सात वर्षं मी तो ओलांडते आहे. त्या दिवशी कटात थांबले, हैदराबादकडून येणाऱ्या गाड्या जाऊ दिल्या, रस्ता मोकळा झाला तशी पुढं निघाले, आणि सोलापूरकडून, उलट्या बाजूनं, एक टेम्पो अंगावर आला. ब्रेकचा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. टेम्पोच्या पुढं लिंबू-मिरची बांधलेली होती, ती माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर हलत होती, एवढंच डोळ्यांपुढं आहे. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, मरायचंय का?" आणि मी म्हणाले, "सॉरी दादा." उलट्या बाजूनं तो आला आणि सॉरी मी म्हणाले. मग पलीकडं गेले, तीन तास लेकरांना सुया टोचल्या, एकदाही हात हलला नाही. परत निघायच्या वेळी मात्र किल्ली गाडीत घालता येईना. गाडी अंगणवाडीत ठेवली आणि काळीपिवळी जीपनं घरी आले.

अंगावर एखादा ओरखडा असता तरी दाखवायला काहीतरी झालं असतं. सासूबाईंना थोडंसं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कुठं लागलं?" म्हटलं, कुठं नाही. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि विषय संपला. तुमच्या जावयांना मी सांगितलं की स्टार्टर बिघडलाय. ते गाडी आणून मेस्त्रीकडं घेऊन गेले आणि परत आले. "मेस्त्री म्हणतो गाडी ठणठणीत आहे."

"मग मीच बिघडले असेन," मी म्हणाले. ते हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाले, "आता काय, रोज हळदकुंकू लावून पूजाच करायची का तिची?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सांगितल्याशिवाय माणसाला कळणार कसं? जीपमध्ये बसले तरी माझा पाय खाली ब्रेक दाबत राहतो. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की हातातली पिशवी घट्ट धरली जाते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळं मी गावात पोचते तेव्हा उन्हं वर आलेली असतात. दोन मंगळवार असेच गेले, तेव्हा गावातली आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, म्हणाली, "सिस्टर, बाया थांबून थांबून रानात गेल्या की. आता कुणाच्या घरात जाऊन लेकरं गोळा करू?" त्या दिवशी अकरापैकी चारच लेकरं आली होती. डबा तसाच परत न्यावा लागला. मग मी बदलीचा अर्ज लिहिला, तालुक्याच्या ऑफिसात टेबलाचं काम मागणारा. कारण लिहिलं, कंबरदुखी. तो अर्ज पर्समध्ये घालून मी चार दिवस हिंडत होते.

कटाच्या अलीकडं चहाची एक टपरी आहे. जीप तिथंच उतरवते. एका सकाळी पुढची जीप येईना म्हणून मी बाकावर बसले, आणि समोर बघते तर आपली मोरी. जुना दगडी कठडा अर्धा मातीत गेलाय, पण आहे. तो बघितला आणि आपली काळतोंडी मेंढी आठवली.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा रस्ता एकपदरी होता, दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला खाली उतरावं लागायचं. पलीकडच्या एका शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. लेंड्यांचं खत त्याच्या रानाला आणि ज्वारी आपल्याला. रस्ता ओलांडायची तुमची रीत ठरलेली होती. तुम्ही कळपापुढं उभे राहून सोलापूरकडची बाजू बघायचात. हैदराबादकडं वळण होतं, ते तुम्हाला दिसायचं नाही, म्हणून मी मोरीच्या कठड्यावर. मी बघून हात वर केला की तुम्ही मेंढरं सोडायची. सगळ्यांत पुढं काळतोंडी, ती निघाली की बाकीची निघाली.

त्या दिवशी मी हात वर केला, मेंढरं रस्त्यावर आली आणि वळणावरून ट्रक आला. टायर जळाल्याचा वास, धूळ, आणि त्या धुळीत कळप दोन्हीकडं फुटलेला. ट्रक आडवा होऊन थांबला. काळतोंडी त्याच्या चाकापुढं उभी, हलत नव्हती. एकही मेंढरू मेलं नाही. तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत. मग ट्रककडं गेलात. मला वाटलं, आता काठी बसणार. ड्रायव्हर खाली उतरला आणि रस्त्यातच उकिडवा बसला.

"मामू, बिरेक नै लगते तो सब खतम था," तो म्हणाला. "मेरे पाँव देखो, कैसे हिल रै."

तुम्ही त्याला हाताला धरून कडेला आणलंत, पाणी पाजलंत, चंची सोडून सुपारी दिलीत. "बस जरा. लगीच गाडी काढू नको," म्हणालात. तो गेला तेव्हा तुम्हाला हात जोडून गेला. आज मला टेम्पोवाला आठवतो तेव्हा शेजारी हा दुसरा ड्रायव्हरही आठवतो. आरडाओरडा करायचा हक्क तुमचा होता, आबा, आणि तुम्ही चंची सोडलीत.

दुसऱ्या दिवसापासून काळतोंडी डांबराला पाय लावेना. रस्ता दिसला की मागं वळायची आणि तिच्यामागं सगळा कळप. चुलते म्हणाले, "दादा, कसायाला देऊन टाक. मेंढरू भ्यालं की कामातनं गेलं."

"म्या बी भ्यालो हुतो की. मला बी देतूस का?" तुम्ही म्हणालात. सगळे हसले. मीही हसले.

मग तुम्ही रस्त्यापासून लांब, बाभळीखाली मेंढरं थांबवलीत आणि बसलात. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या जरा जवळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागं, कारण एक एस.टी. फार जोरात गेली. शाळा सुटली की मी तुमची भाकरी घेऊन यायचे, तर तुम्ही कुठल्या झाडाखाली बसलात ते आधी शोधावं लागायचं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुझा आबा मेंढराला शाळा शिकवतोय व्हय गं?" मला लाज वाटायची. एकदा तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा मी काळतोंडीचा कान धरला आणि तिला ओढत रस्त्यापर्यंत नेलं. ती ओरडत होती, खुरं मातीत रुतवत होती. तुम्ही मागून आलात.

"कान सोड."

मी सोडला.

"तुझा कान धरून कुणी न्हेलं तर जाशील का?" तुम्ही आवाज चढवला नाहीत. "भ्यालेल्याला वढायचं न्हाय. त्याच्यापाशी बसायचं."

"किती दिवस?"

"तिला इचार." मग तुम्हीच म्हणालात, "खातीया म्हणून काय समजू नको. भ्यालेलं बी खातंय. खाल्ल्यालं वर आणून निवांत चावाय लागली, की समज उतरलं."

मग मी रोज तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. आठव्या दिवशी त्या शेतकऱ्यानं दुसऱ्याची मेंढरं बसवली. ज्वारी गेली. चुलते येऊन बोलून गेले. तुम्ही एवढंच म्हणालात, "बसवू दे." अकराव्या दिवशी, रस्त्यापासून दहा पावलांवर, ट्रक जात-येत असताना काळतोंडी बसली, मान सरळ केली, आणि तिचा खालचा जबडा आडवा हलू लागला. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. मग कमरेची चंची काढलीत, सुपारी कातरलीत आणि तोंडात टाकलीत.

ही सुपारी मला इतक्या वर्षांत आठवली नव्हती. टपरीवर बसल्यावर आठवली. तुमच्या तोंडात दिवसभर सुपारी असायची, माय त्यावरून तुम्हाला बोलायची. आणि त्या अकरा दिवसांत मी तुम्हाला सुपारी खाताना बघितल्याचं आठवत नाही. ट्रकवाल्याला दिलीत, स्वतः घेतली नाहीत. तुम्ही तर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की म्या बी भ्यालो. आम्ही ती गंमत समजलो. तुम्ही तिच्यासाठी बसला होतात हे खरंच आहे. पण तुम्ही स्वतःसाठीही बसला होतात, आणि त्याची तुम्हाला लाज नव्हती. अख्खा गाव हसत होता, हातचं रान गेलं होतं, तरी तुम्ही स्वतःचा कान धरून स्वतःला ओढलं नाहीत. मी सात वर्षं नर्स आहे, लोकांना धीर देते, पण असं बसणं मला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधी निघू लागले आणि टपरीवर बसू लागले. आधी रस्त्याकडं पाठ करून. मग तोंड करून. टपरीवाल्या मावशींनी चार दिवस नुसता चहा दिला. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "सिस्टर, रोज हितं बसून कुणाची वाट बघलालाव?" त्यांना मी सगळं सांगितलं. टेम्पो, लिंबू-मिरची, सॉरी, किल्ली, कंबरदुखीचा अर्ज. पहिल्यांदाच कुणाला तरी सलग सांगितलं. सांगता सांगता त्यांनी पुढं ठेवलेले भाजके शेंगदाणे खात होते. उठताना बघितलं तर बाकाखाली टरफलांचा ढीग.

बाराव्या दिवशी तुम्ही मेंढरं पुन्हा मोरीपाशी आणलीत. मला वाटलं, आता कठड्यावर चुलत्यांना उभं करणार. तुम्ही मला म्हणालात, "तू तितंच ऱ्हा. बघून हात कर." मी चढले. वळणाकडं बघितलं. एक जीप गेली. पुन्हा बघितलं. काही नव्हतं, तरी हात वर होईना. चुलते मागून ओरडले, "अगं कर की हात! मेंढरं म्हातारी झाली!"

"तिला बघू दे," तुम्ही म्हणालात.

किती वेळ गेला माहीत नाही. तुम्ही एकदाही माझ्याकडं वळून बघितलं नाहीत, सोलापूरच्या बाजूला बघत उभे होतात. मग मी हात वर केला. काळतोंडीनं डांबरावर पाय ठेवला, आणि मग खुरांचा तो आवाज, कळप संपेपर्यंत.

काल मंगळवार होता. मी स्कूटी काढली. तुमचे जावई दारात आले आणि डबा तेवढा नीट ठेवून दिला. टपरीपाशी मी उतरले आणि गाडी ढकलत निघाले. मावशींनी हाक मारली, "पेट्रोल संपलं का सिस्टर?"

"नाही मावशी. भीती वाटते."

"मग ढकला की. रस्ता तुमच्या बापाचा न्हाय, पर त्येंच्या बी बापाचा न्हाय!"

कटात थांबले. हैदराबादकडं बघितलं, मग सोलापूरकडं, मग परत दोन्हीकडं. मागून एक मोटारसायकलवाला म्हणाला, "ओ मॅडम, चला की." मी बघत राहिले. मग माझा हात वर गेला आणि मी चालत पलीकडं आले. नऊ लेकरं आली होती. येतानाही ढकलतच आले. बसून कधी ओलांडीन ते ठाऊक नाही. अर्ज द्यायची शेवटची तारीख मी टपरीवर बसले होते तेव्हाच गेली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. सोलापूरहून आत्याचं कार्ड आलं की मी तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि तुम्हाला लागेल अशी एखादी ओळ असली की ती गाळायचे. तुम्हाला ते कळत असावं असं आता वाटतं, कारण तुम्ही कार्ड परत घेऊन त्याच्याकडं जरा वेळ बघायचात.

एक सांगायचं राहिलं. ट्रक आला त्या दिवशी हात वर करताना मी वळणाकडं बघितलंच नव्हतं. ऊन होतं, कठड्यानं पाय भाजत होते, आणि मघाशी एकदा बघितलंय तेवढं पुरे असं मला वाटलं. सगळ्यांना मी सांगितलं की ट्रक फार जोरात आला. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. तेव्हापासून हैदराबादची बाजू मी कधी चुकवत नाही. सोलापूरची बाजू तुमची होती, आणि टेम्पो तिकडूनच आला. हा कागद तुम्हाला वाचून दाखवायची वेळ आली असती, तर एवढ्या ओळी मी गाळल्या असत्या.