ब्रेकला पाजलेलं एरंडेल

दादा,

वैनीनं भात झाकून ठेवलाय, आधी जेवा. तिला अजून काय बोललो नाय. लॉरी काढू नका, ती फिरवून चालू करायचं हँडल माझ्यासंगं हाय.

परवा ब्रेक करकरला, तवा बैलगाडीच्या कण्यागत तुमी त्याला एरंडेल पाजलंत. ब्रेकला तेल चालत नाय, तो घसरतो. आज खोपोलीच्या उतारावर मी दाबला, तर धरलाच नाय. आपला धाऊ नेहमीसारखी उडी मारून चाकाखाली ठोकळा लावायला गेला, आणि त्याच चाकाखाली आला.

त्याच्या बायकोला, मंगळीला सांगायला कोंडाण्याला चाललोय. तिथनं चौकीवर जाईन. तेल मीच घातलं, असं सांगेन. तुमाला पोरं हायत.

फौजदार घरी आले तर गप ऱ्हावा. एरंडेलाची बाटली माझ्या अंथरुणाखाली ठेवलीय, तिथनं हलवू नका.

नामा