वारुळातली बाग

८ जुलै, भामरागड
पोचले एकदाची. घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना इथला हिरवा रंग आधी खोटाच वाटला. गुणाबाईंच्या घरामागची कौलारू खोली भाड्याने मिळाली आहे. खिडकीतून धानाची बांधी दिसते आणि तिच्यापलीकडे जंगल. आल्याआल्या त्यांनी सात्यांची भाजी वाढली. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. मी लाज सोडून पुन्हा पुन्हा वाढून घेतली. काम सोपं आहे. अळंब्या गोळा करायच्या, वर्गीकरण करायचं आणि अहवाल धनराज सरांना पाठवायचा. अहवालावर नाव सरांचं. कंत्राटी सहायक म्हणून इतकी वर्षं मी चघळते आहे आणि ते गिळताहेत. असो, आज मी खूश आहे. उगाच तोंड कडू कशाला करा.

१२ जुलै
गुणाबाई विचारत होत्या, सात्या म्हणजे झाडच ना. मी सांगितलं, झाड नाही आणि प्राणीही नाही, बुरशीचं घराणंच वेगळं. तिच्यात हरितद्रव्य नसतं, स्वतःचं अन्न तिला करता येत नाही. पेशीची भिंत किड्याच्या कवचात असतं त्याच द्रव्याची. नात्याने ती झाडापेक्षा आपल्याला जवळची. आपण आधी खातो, मग पचवतो. ती आधी रस सोडून समोरच्याला पचवते, मग शोषून घेते. त्या म्हणाल्या, आमच्या सासूबाई अशाच होत्या. दोघी खूप हसलो.

सात्या तोडताना इथे प्रत्येक वारुळावर एक तरी उभी ठेवतात. वारूळ कोणी उकरत नाही. खाली वाळवीची बाग असते. वाळवी लाकूड-पाला चावून आणते, त्यावर बुरशी वाढते, आणि वाळवी तीच बुरशी खाते. मालक कोण आणि मजूर कोण, ते पुस्तकात नीट दिलेलं नाही.

१७ जुलै
नाल्याकाठच्या वारुळावर वेगळीच सात्या मिळाली. पांढऱ्या कागदावर छत्री पालथी ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. सात्यांचा गुलाबी यायला हवा. हिचा काळा आला, घुग्घुसच्या खिडकीवर बसायची तशी पूड. पुस्तकात ही कुठेच बसत नाही. नवी जात आहे! या वेळी नाव मी देणार, आणि खाली सहीही माझीच. सरांना कळवणार नाही.

गुणाबाईंना दाखवली तर हात मागे घेतला. म्हणाल्या, "एक राहू दे बाई. अन् वारूळ नोको उकरू. आतलं घरी आलं का त्याले राबणारं मानूस लागते." पण खालची बाग पाहिल्याशिवाय वर्गीकरण पुरं होत नाही.

२१ जुलै
उकरलं. आत ओंजळभर गोळा होता, भिजलेल्या पावासारखा, भोकाभोकांचा. बिस्किटांच्या डब्यात घालून आणला. वाळवी वाटेतच मेली. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं आहे, रस्ता बंद. त्यातच सरांचा फोन येऊन गेला. मी काहीतरी लपवते आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. रस्ता खुला झाला की स्वतःच येतो म्हणाले. हवालदिल झाले मी.

२५ जुलै
वाळवीशिवाय बाग मरते. ही मेली नाही. डब्याबाहेर आली आहे. भुसा घातला, शिवली नाही. वाचता वाचता मी कागदाचा कोपरा चावून टाकला होता, त्यावर मात्र पांढरे तंतू चढले. तिला चावलेलंच लागतं. मग सरांच्या नावाचे जुने अहवाल चावून दिले. खरं सांगते, बरं वाटलं.

२८ जुलै
भात घशाखाली उतरत नाही. गुणाबाईंनी ताट दारात ठेवलं, आत आल्या नाहीत. बागेवर पांढरे मणी धरलेत. खाल्ले. गोड लागले.

भीती वाटली म्हणून डबा नाल्यात फेकायला निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले. मग आठवलं, हिला नाव माझं मिळणार आहे. परत आणून ठेवला.

३० जुलै
जबडा थांबत नाही. झोपेतही चालतो. तळहातावर तंतू — पुसले, खालून परत आले. दुखत नाही. दुखायला हवं ना —

२ ऑगस्ट
अहवाल संपले. करारपत्रं संपली. खुर्चीचा एक पाय — या वहीची कोरी पानंही दिली, थोडी उरलीत. आता ती लाकूड घेत नाही. काय हवंय ते मला कळतं. कसं कळतं, ते नको — नात्याने आपल्याला जवळची —

४ ऑगस्ट
पाणी उतरलं. गुणाबाई भिंतीपलीकडून सांगून गेल्या, "तुये साहेब येऊन राह्यले, बाई." पावलं लांब गेली. पळाल्या.

सर दारात आहेत. म्हणतात, गुणाबाईंकडून वाटेत सगळं कळलं; डबा दे, नाव आपण दोघं मिळून ठरवू. दोघं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रडू यायला हवं होतं. तोंडाला पाणी सुटलं.

कडी काढते. या, सर. चावायचं काम माझंच, तुम्ही फक्त आत —