बसा की, मेजर

१८ नोव्हें.
काल आबा गेले. आज आमचं फ्लेक्सचं दुकान उघडायचं नव्हतं, पण वि.का. सकाळीच शटर वर करून आत. वि.का. म्हणजे विलासकाका, पप्पांचे थोरले भाऊ. यापुढे वि.का.च. आख्खं नाव लिहायची लायकी नाही.
"प्रियंका, श्रद्धांजलीचा फ्लेक्स कर. चिखलीच्या चौकात लावायचाय. मोठा कर."
फोटो आबांच्या आधारकार्डावरचा. धड नेटवरच्या कुठल्यातरी कर्नलचं. म्हटलं, आबा नाईक म्हणून रिटायर झाले, ही पदकं त्यांची नाहीत.
"कोन बघतंय गं? छाती भरल्याली दिसली पायजे."
मॅटर त्यानेच सांगितलं. 'एकाहत्तरच्या युद्धात छातीवर गोळी झेलणारे...' खाली वि.का.चा हात जोडलेला फोटो, आबांपेक्षा मोठा. महापालिकेच्या तिकिटाचे दिवस आहेत. बापाने मरायला वेळ बरी साधली, असं तोंडावर लिहिलेलंच होतं त्याच्या.
छातीवर म्हणे. आख्ख्या चिखलीला माहीत आहे गोळी कुठे लागली ते.

२० नोव्हें.
डाव्या कुल्ल्यात. हाड फुटलं, तुकडा आतच राहिला. आबांना धड बसता यायचं नाही, पाच मिनिटांत उठायचे. गावाने तेव्हाच निकाल लावून टाकला. मागून लागली म्हणजे पाठ दाखवली. तोंडावर तसं कुणी म्हणत नसे. म्हणायचे, "बसा की, मेजर." पारावर, लग्नात, बँकेत. मग सगळे खुदखुदणार. आबा पण हसायचे. "उभ्यानं लांबचं दिसतं," म्हणायचे. त्यांचं ते हसणं मला अजिबात सहन व्हायचं नाही.
नंतर चिंचवडच्या एका कंपनीत गेटवर होते. दिलेली खुर्ची कधी वापरली नाही म्हणून 'दक्ष सुरक्षारक्षक' सन्मान. शाल घेऊन घरी आले आणि हसून हसून ठसका लागला त्यांना.
आई कंपनीत शिफ्टला. मला वाढवलं आबांनी. आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानेच जेवायचो. भाकरीचा मधला मऊ भाग मला, कडा त्यांना. आज पाहुण्यांच्या पंगतीत बसले तर घास उतरेना. उठून ओट्याशी गेले, तिथे तर मुळीच नाही.
मला आबा पाहिजेत. बाकी काही नको.

२२ नोव्हें.
फ्लेक्स लागला. चौकातल्या टपरीवर दोन म्हातारे मोठ्याने वाचत होते.
"छातीवर? मंग मेजरची छाती लई खाली व्हती म्हनायची!"
टपरीवाल्याचा चहा सांडला हसताना. माझ्या हातातला ग्लास त्या थेरड्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.
वि.का.ला म्हटलं, ती ओळ काढ, लोक हसतायत.
"हसू दे. नाव तर वाचत्यात ना?"
पप्पांकडे गेले. "दादा बघतोय ना सगळं." झालं. देव ह्या माणसाला पाठीचा कणा द्यायचाच विसरला.
नववीत असताना आबांना एकदाच विचारलं होतं, तुम्ही खरंच पळत होता का? भाजी निवडत होते. म्हणाले, "व्हय. पळतच व्हतो की." पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२३ नोव्हें.
आबांच्या मोबाईलमधून एकेकाला कळवते आहे. 'लक्ष्मण फौजी'. सातार्‍याकडचे, आबांच्याच पलटणीतले. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, आबा उभ्या उभ्या तासभर बोलायचे. आज बातमी सांगितली.
"दहाव्याला येतो."
राहवलं नाही. "गोळी लागली तेव्हा तुम्ही होतात?"
"व्हतो."
"आबा पळत होते?"
"आल्यावं सांगतो, पोरी. फोनवं न्हाय."
वि.का. खूश. "आरं वा, साक्षीदारच घावला! माईक देऊ त्यांना."
मला धडकी भरली आहे. हा एकच माणूस तिथे होता. ते उभे राहून खरं बोलले तर गावाचं तोंड तरी बंद होईल, नाहीतर आबांची उरलीसुरली अब्रू पण जाईल.

२६ नोव्हें. दहावा.
सगळं लिहायचंय.
सकाळी लक्ष्मणबाबांना वल्लभनगर एस.टी. स्टँडवरून घेतलं. स्कूटीवर मागे ताठ बसले. कुदळवाडीत ट्रॅफिक तुंबलेलं. माझ्या पाठीशी बोलायला लागले.
"तुझा आबा पळत व्हता. फुडं. दुश्मनाच्या अंगावं. म्या त्याच्या मागं. हात कापत व्हता माजा. बंदूक सुटली."
ब्रेक मारला. मागच्या टेंपोवाल्याने आईवरून शिवी दिली.
"गोळी माजी हाय, पोरी."
आबांना माहीत होतं?
"दवाखान्यात गेलो त्याला बघाया. म्हनला, लक्ष्या, फुडच्या येळी नेम धरून मार. यवढंच. सायबाला त्यानंच सांगितलं, धुरात कळलं न्हाय कुठनं आली. परत कवा इषय न्हाय काढला."
म्हटलं, आज सगळ्यांसमोर सांगा.
"सांगतो की. त्याच्यासाठीच आलोय. मरायच्या आधी वज्जं उतरवायचंय."
घाटावर पोचेपर्यंत मी रडत होते, आणि खरं लिहायचं तर आनंदाने. आबांच्या दहाव्याला मी आनंदात होते.
घाट. पप्पांनी डोकं केलं. वि.का.ने केलं नाही, तिकिटासाठी फोटो काढायचाय म्हणे. कावळा येईना. तिकीट देणारे साहेब आले होते, त्यांना अजून दोन दहावे गाठायचे होते. वि.का. भटजींना म्हणाला, "उरका." दर्भाचा कावळा करून शिववला. मग भाषणं. साहेबांनी आबांना बबनरावऐवजी बाबूराव केलं, तीन वेळा.
मग लक्ष्मणबाबांकडे माईक. उभे राहिले. फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मागून कुणीतरी हळूच, "बसा की, मेजर." खसखस पिकली.
"बबन वाघ व्हता," बाबा म्हणाले. "छातीवं गोळी घेतली त्यानं. म्या डोळ्यानं बघितलं."
आणि बसले.
लोक तोंडावर पंचा धरून हसत होते. वि.का.ने टाळ्या वाजवल्या. बापाच्या दहाव्याला टाळ्या.
परत जायला वि.का.ने गाडी दिली बाबांना. काचेतून माझा हात धरला. "नातू भरतीला उतरलाय गं. गावात मान हाय. त्वांड उघडंना."
म्हटलं, "तुमचं वज्जं उतरलं ना? माझ्या डोक्यावर ठेवून चाललात." हात सोडवून घेतला. ते रडत होते. मला काडीची दया आली नाही.

२९ नोव्हें. तेरावा.
पप्पांना सांगितलं. ते जिन्यातच खाली बसले. म्हणाले, "शाळेत मला पळपुट्याचा पोरगा म्हणायचे. मास्तरसुद्धा."
हे कधी बोलले नव्हते. कण्याबद्दल वर लिहिलंय ते खोडत नाही, पण आता कळलं.
म्हटलं, गावाला सांगू या. "कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, घरचेच ते, बोलणारच."
ते खरंच आहे.
आज पहिल्यांदा आबांचाच राग आला. एका भेदरटाला वाचवायला पन्नास वर्षं हसत उभे राहिलात. हौस तुमची. पण पप्पांना विचारलं होतं? मला? आम्हालाही त्यातच उभं केलंत. एवढं चांगलं असायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?
लिहून झाल्यावर फार वाईट वाटलं. तरी राहू दे.

२८ डिसें.
वि.का.चं तिकीट कापलं. दुसर्‍याला दिलं. घरात सुतक लागल्यासारखं, आबांच्या वेळी एवढं नव्हतं. चौकातला फ्लेक्स उतरवला. भंगारवाल्याच्या शेडवर ताडपत्री म्हणून टाकलाय, आबा उलटे. जाऊन मागितला तर म्हणाला, ताई, गळतंय.

४ जाने.
लक्ष्मणबाबांच्या नातवाचा व्हॉट्सॲप. नंबर बाबांनीच दिला म्हणे. 'ताई आमच्या बाबांचा गावात सत्कार आहे. फ्लेक्स तुमच्याकडूनच करायचा म्हणतात.' सोबत बाबांचा वर्दीतला जुना फोटो, खरा, आणि मॅटर: 'रणांगणावर जखमी साथीदाराला खांद्यावर वाहून आणणारे शूर जवान.'
साथीदार कोण ते विचारायची गरज नव्हती.
म्हणजे उचलून आणलं तेही ह्यांनीच. हे स्कूटीवर सांगितलं नाही. खोटं नसणार. कुणीतरी आणलंच असेल ना आबांना. आधी मारलं, मग आणलं, आणि त्यांचं गाव निम्म्याचाच हार घालतंय.
नाही म्हणणार होते. तेवढ्यात दुसरा मेसेज. 'बाबा विचारतात साथीदाराचं नाव टाकायचं का. आणि त्यांना गोळी कशी लागली ते. म्हणाले ताई लिहील तसंच छाप, मला दाखवू नको.'
पोराला काही माहीत नाही. डीपीवर भरतीच्या मैदानात पळतोय, छातीवर नंबर.
बाबांचा फोटो कापून घेतला. 'बबन' टाईप केलं. पुढची ओळ दोन्ही प्रकारे लिहून पाहिली, खरी आणि माईकवरची. दोन्ही त्या जागेत बसतात. त्याला फाईल उद्या दुपारपर्यंत पाहिजे.