शेवटच्या ओळीतली फुलं

धाकटे,

जावा जावा आणि उभा दावा म्हणतात, ते आपण खरं करून दाखवलं. तू वेगळी चूल मांडलीस आणि डेलियाचं अख्खं शेत माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं.

दोन महिन्यांमागे शेंडे खुडताना तुझी आठवण आली होती, खोटं कशाला बोलू! रोप लहान असतानाच शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोमाने वर येतात आणि दांडे हातभर लांब, ताठ निघतात, हे तुला मीच शिकवलं. तरी शेवटच्या ओळीला तू कधी हात लावला नाहीस. "ताई, पहिली कळी आहे, फुलू द्या ना तिला," म्हणायचीस. मी खेकसायचे, "वीतभर दांड्याचं फूल बाजारात कोण विचारतं? लाड पुरे!"

यंदा ती ओळ मी तशीच सोडली. का, ते विचारू नकोस. फुलं बशीएवढी आली, पण दांडे आखूडच. व्यापारी तोंडावर हसला. घरी आणली, तर उंच फुलदाणीत गळ्यापर्यंत बुडाली. त्यांना हवी ती बुटकी निळी बरणी, आणि वाटणीत तीच तू हट्टाने नेलीस. तेव्हा मी केवढी भांडले होते तिच्यासाठी!

हे पत्र मी फाडणार आहे. थोरलीने आधी पड खायची नसते. फुलं मात्र सकाळच्या गाडीने पाठवते. कुणी पाठवली ते तुला सांगायला नको. एवढे आखूड दांडे बाजारात मिळत नाहीत.

तुझी,
थोरली