बूड ज्याच्या वाट्याला

देवळी, ९ डिसेंबर १९७८, संध्याकाळ

वाचनालयाच्या पुस्तकात डायटम नावाचं पाण्यातलं शेवाळ आहे. एकच पेशी, काचेसारख्या डबीत राहणारी. तिचे दोन भाग झाले की एकाला झाकण मिळतं, दुसऱ्याला बूड. बूडवाला त्याचंच झाकण करतो आणि आत नवं बूड घडवतो. म्हणजे पहिल्यापेक्षा लहान. दर वेळी.

आमचे हे वारल्यावर घराच्या वाटणीत पुढची खोली दिरांकडे गेली. मी मधल्या खोलीत संसार मांडला. आज दीर म्हणाले, "वहिनी, पोराच्या लग्नाले मधली खोली लागते. तुमाले एकटीले मागची सपरी पुरते नं?"

"भाऊजी, तिथं तुमच्या दादाचा पलंगबी मावत नाई."

"आता पलंग कायले पाहिजे?" हसले. जाऊबाईही हसल्या.

मागच्या त्या एवढ्याशा पडवीत पलंग मावत नाही, खरंच.

पुढे लिहिलंय, फारच लहान झाल्यावर ती पेशी डबी टाकून उघडी होते, फुगते, पुन्हा मूळ आकाराची होते. नाही जमलं तर मरते. मला कसं जमणार? उघडं होऊन जायचं कुठे?

सकाळी दीर पलंग उचलायला येतील. मी त्याच्यावरच बसून लिहिते आहे. उठायचं नाही, एवढंच ठरलंय.