माउस दुसऱ्याच्या हातात

बाबा, तू गेलास त्याला बरीच वर्षं झाली. तू जॉबर होतास, कापडाच्या कारखान्यात बंद पडलेले लूम दुरुस्त करायचास. मी आता खारबावला घरीच बसून कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठांची डिझाइनं काढते आणि भिवंडीतल्या कारखान्यांना पाठवते. गेल्या मंगळवारी सकाळी डिझाइनचा प्रोग्राम उघडेचना. दुपारच्या शिफ्टला चार लूम माझ्याच काठावर अडून राहणार होते, आणि कारखान्याच्या शेठनं आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल.

प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. एक इंजिनिअर बाई हिंदीत बोलली. तिनं कॉम्प्युटरवर एक ॲप घ्यायला लावलं, स्क्रीनवर आलेला नंबर विचारला, आणि मी परवानगीचं बटण दाबल्याबरोबर माउसचा बाण आपोआप चालायला लागला; तिकडे बसून तीच तो चालवत होती. माझे हात मांडीवर, आणि बाण फिरतोय. आपल्या स्वयंपाकघरात कुणी परकं माणूस डबे उघडून बघावं, तसं वाटलं. "आप चाय-वाय पी लीजिए मॅडम, आधा घंटा लगेगा," ती म्हणाली. मी उठलेही.

आणि धामणकर नाक्याजवळचा तुझा कारखाना आठवला. मी आठवीत आहे, तुझा डबा घेऊन आलेय. तू एका लूमखाली वाकलायस आणि त्या लूमचा कारीगर चहाला निघालाय. तू त्याला अडवतोस. "किधर जाता? लूम तेरा है. मैं हाथ डालेगा तब तू इधरीच खडा रहेगा." तो गुमान परत येतो. मी डबा ठेवून सटकायला बघते, तर माझ्यावरच डाफरतोस, "तू पन बघ. नुसता डबा देऊन जायाचं न्हाय." शाळेला उशीर झाला म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

मी परत खुर्चीत बसले. तिला म्हटलं, "मैं इधरही बैठती हूँ. जो करोगी, पहले बताओ." तिला ते रुचलं नसावं, पण ती सांगू लागली. कॉम्प्युटर भरून गेला होता, जागा करायला हवी होती. बाण एका फोल्डरवर थांबला. "ये निकाल देती हूँ."

"नहीं," मी म्हटलं आणि माउस घट्ट धरला. त्यात माझी अकरा वर्षांची डिझाइनं होती. बाण जरा वेळ दोघींच्या ओढाताणीत थरथरला, मग तिनं सोडला. नको असलेल्या फाइली मी स्वतः एकेक निवडून काढल्या. तिनं प्रोग्राम नव्यानं घातला, तेव्हा पायऱ्या वहीत लिहून घेतल्या, आणि शेवटचं सेटिंग तिच्याकडून ऐकत माझ्या हातानं केलं. मग जोडणी तोडली, ॲपही काढून टाकलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आत डिझाइन कारखान्यात पोचलं. काम माझ्याकडेच राहिलं. यापुढेही अडलं तर मदत मागेन, पण उठून जाणार नाही.

फोन ठेवण्याआधी त्या बाईनं दोनदा माफी मागितली. "सॉरी मॅडम, ध्यान नहीं रहा." मीही तोऱ्यात म्हटलं, "ध्यान रखना चाहिए." हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुला खरं सांगते. त्या फोल्डरला 'रद्दी' हे नाव मीच दिलं होतं.