दोन मोहटोले

पोंभुर्णा,
दि. १९ नोव्हेंबर

धनराजदादा,

नमस्कार. आईचे गुडघे आता बरे आहेत, वावरात जाऊन येते. बाबाचा धान कापून झाला, चुरणं, मळणी, राह्यली. तुम्ही सगळे सिरोंच्याले सुखरूप असाल. वहिनीले अन् पायलले माही आठवण सांग. तू माहा फोन उचलत नाईस, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली.

हत्ती पुन्हा गडचिरोलीत आले, तुले समजलंच असंल. आपण दोघांनी संस्थेसाठी बनवलेली सूचना, कळप जवळ आला की गावातले सगळे फोन वाजतात ती, अजून चालू आहे.

माह्या चंद्रपूरच्या कोडात, सूचना पाठवणाऱ्या प्रोग्रामात, मले एक चूक सापडली होती. दोन तालुक्यांत एकाच नावाचं गाव असलं तर यादीतल्या पहिल्याच गावाले सूचना जाते. मी ते दुरुस्त केलं. तोच पॅच, दुरुस्तीचा तुकडा, तुह्या गडचिरोलीच्या कोडाले लावाचा होता. पण तिथली फोल्डरांची मांडणी तुही, वेगळी. पॅच म्हणे, फाईल सापडत नाई. मंग मी फाईलच्या पत्त्यातले समोरचे दोन फोल्डर गाळून लावला. लागला. एक तक्रार नाई. मी चहा प्याले गेली.

तो लागला तुह्या जुन्या फोल्डरातल्या, त्याच नावाच्या फाईलले. चालू फाईल जशीच्या तशी राह्यली. मी उघडून पाह्यलं नाई, दादा. पाच मिनिटांचं काम होतं.

चार तारखेले वनरक्षकानं धानोऱ्याकडच्या मोहटोल्याजवळ कळप पाह्यला, नोंद केली. फोन वाजले कुरखेड्याकडच्या मोहटोल्यात. इकडे धानोऱ्याकडच्या मोहटोल्यात बुधरीबाई वावरात एकटी धानाचे भारे बांधून राह्यली होती. तिले कोणी सांगितलंच नाई. हत्तीनं तिले तिथीच संपवलं.

मी तिच्या घरी गेली होती. तिचा नवरा, इतवारीभाऊ, ओट्यावर बसला होता. मोबाईल माह्यासमोर धरून म्हणे, "बाई, पाहा ना. चार्जिंग फुल होती, रेंज होती. मंग काऊन नाई वाजला? मी कुठी चुकलो?"

"तुम्ही नाई चुकले, भाऊ," मी म्हटलं. अन् माही चूक न सांगताच परत आली.

तुले संस्थेची नोटीस काऊन आली, ते आता सांगतो. संस्थेच्या बैठकीत साहेबानं विचारलं, "गडचिरोलीत असं कसं झालं?" मी म्हटलं, "तिथली मांडणी दादाची आहे." एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाकीचं त्यांनी समजून घेतलं, अन् मी समजू देलं. आपलं भांडण झालं तेव्हा मी तुह्या मांडणीले चारचौघांत हसली होती, म्हणून कोणाले माह्यावर शंकाही आली नाई.

पंधरा दिवस तसंच चालू देलं. काल संस्थेले सगळं लिहून देलं, माह्या सहीनं. उद्या इतवारीभाऊकडे जाईन. तो काय करंल ते करंल.

पण कळप थांबला नाई. जुळ्या नावाची अजून अकरा गावं आहेत. मी अन् ऑफिसातली कुंता सकाळपासून एकेका घरी हातानं फोन लावून राह्यलो. निम्मे लागत नाईत. जंगलात रेंजच कुठी आहे? तुह्या कोडात त्या नावाच्या तीन फायली आहेत. सूचना पाठवणारी मशीन त्यातली कोणती चालवते ते तूच ठरवलं होतं, अन् ते पाहाले लागणारा मशीनचा पासवर्डही तुह्याचजवळ आहे. आता अंदाजानं हात लावाची माही हिंमत नाई.

मले माफ करू नको. माह्याशी बोलूही नको. फक्त कोणती फाईल, तेवढं कुंताच्या फोनवर सांग. नंबर मागं लिहिला आहे. त्या गावांत आजही बाया धान बांधून राह्यल्या असतील.

तुह्या नावाच्या आड लपलेली,
रंजीता